तळहाताच्या घामाचं ऑपरेशन: आधी पूर्ण सांगा, मग सही घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी पेपरच्या घडीतून एक रंगीत पत्रक पडलं. हातापायाच्या घामापासून एका दिवसात कायमची सुटका, टाके नाहीत, दुखणं नाही, दुसऱ्या दिवशी घरी, आणि खाली ईएमआयची सोय. हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाही कारण माझं भांडण एका हॉस्पिटलशी नाहीये, अशा जाहिराती आता सगळीकडेच आहेत, मोबाईलवर तर त्याचे व्हिडिओ एकामागून एक येत राहतात. पण माझ्या मुलाने ते पत्रक नीट कापून अभ्यासाच्या टेबलासमोर चिकटवून ठेवलंय. तो सतरा वर्षांचा आहे. म्हणून हे पत्र लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

हा त्रास आमच्या माहेरी पिढीजात आहे. वडिलांना होता, मला आहे, धाकट्या भावाला होता (त्याचं पुढे सांगते) आणि आता मुलाला. डॉक्टर म्हणतात यात घरातल्या अजून कुणाला तरी असणं अगदी कॉमन आहे, आणि हातांचा घाम असेल तर तो बहुतेक वेळा शाळेच्या वयातच सुरू होतो. ज्यांना नाहीये त्यांना वाटतं घाम तर सगळ्यांनाच येतो, ठाणे-नवी मुंबईत राहायचं म्हणजे येणारच. हा तो घाम नव्हे हो. जानेवारीतली सकाळ, पंखा चालू, काही काम नाही, नुसतं बसलोय तरी तळहातावर थेंब जमतात आणि मनगटावरून खाली ओघळतात. रांगोळी चिमटीतून सुटतच नाही, बोटांना चिकटून बसते. हळदीकुंकवाला समोरच्या बाईला कुंकू लावायला गेलं की ते टेकायच्या ऐवजी पसरतं. रेशनच्या दुकानात मशीन अंगठा घेत नाही, मागे रांग, दुकानदार म्हणतो ताई पुसा, पुसला की दोन सेकंदात परत ओला. ऑफिसात हजेरीच्या मशीनवर तेच. भाजीवाल्याला नोट दिली की तो ती दोन बोटांत धरून झटकतो. लोकलच्या लेडीज डब्यात वरची कडी हातातून सरकते, आणि गर्दीत माझा हात कुणाच्या हाताला लागला की ती बाई पटकन हात काढून ओढणीला पुसते, ती वाईट नसते, पण ते दिसतं आणि मग दिवसभर डोक्यात राहतं.

मुलगा डिप्लोमाला आहे, इलेक्ट्रिकल. दहावीला प्रत्येक पेपरला हाताखाली रुमाल ठेवून लिहायचा तरी उत्तरपत्रिकेच्या कडा मऊ पडून फाटायच्या, शाई पसरायची, भूमितीच्या पेपरला तर ओल्या कागदावर पेन्सिलची रेघच उमटेना. आता प्रॅक्टिकलला सर त्याला पॅनलला हात लावू देत नाहीत, आणि सरांचं चुकत नाही, ओल्या कातडीतून करंट कोरड्या कातडीपेक्षा कितीतरी सहज आत जातो. वर्कशॉपमध्ये त्याने वापरलेल्या कानशीवर दुसऱ्या दिवशी गंज दिसतो कारण घामात मीठ असतं, मग मुलं नावं ठेवतात, मग तो हात खिशात घालून उभा राहतो आणि काही शिकतच नाही. आवडीने घेतलेली लाईन आहे त्याची. अशा मुलाला एका दिवसात कायमची सुटका असं वाचायला मिळालं तर तो ते कापून ठेवणारच ना.

यातलं थोडं शास्त्र सांगते कारण ते कळल्याशिवाय पुढचं कळत नाही. माणसाच्या अंगात घामाच्या ग्रंथी 20 ते 40 लाख असतात आणि सगळ्यात दाट तळहात-तळपायांवर. आमच्यासारख्यांच्या ग्रंथी काही वेगळ्या नसतात, त्यांना येणारा हुकूमच जास्तीचा असतो. हा हुकूम सिंपथेटिक नर्व्हकडून येतो. तिच्यावर आपला ताबा चालत नाही, मणक्याच्या दोन्ही बाजूंना तिची साखळी असते. आणि तळहाताच्या ग्रंथी उकाड्यापेक्षा मनात काय चाललंय ते जास्त ऐकतात, म्हणून परीक्षा, इंटरव्ह्यू, मुलगी बघायला जाणं अशा वेळी घाम दुप्पट होतो आणि गाढ झोपेत थांबतो. टेन्शनने वाढतो हे खरं, पण टेन्शन घेऊ नको असं सांगून तो जात नाही, उलट सांगितल्यावर अजून वाढतो, इतकं तरी नातेवाईकांनी समजून घ्यावं. याला हायपरहायड्रोसिस म्हणतात, हा मेडिकल आजार आहे, स्वभावाचा कमकुवतपणा नाही.

झोपेत थांबणं ही मोठी खूण आहे. दोन्ही हातांना सारखाच येतो, लहानपणापासून आहे, झोपेत नसतो, घरात कुणाला आहे, तर बहुतेक हाच प्रकार. पण रात्री अंथरूण भिजत असेल, वजन उतरत असेल, ताप असेल, किंवा चाळिशीत अचानक सगळ्या अंगाला घाम सुटायला लागला असेल तर गोष्ट वेगळी, त्यात टीबी निघू शकतो, थायरॉइड वाढलेला असू शकतो, शुगर खाली जात असेल, पाळी जायची वेळ असेल, एखादं चालू असलेलं औषध असेल, क्वचित लिम्फोमासारखा (लिम्फच्या गाठींचा) कॅन्सर. तिथे घामावर उपाय करत बसायचं नाही, मूळ शोधायचं. सांगायचा मुद्दा असा की पहिली भेट स्किनच्या किंवा जनरल डॉक्टरची हवी, थेट सर्जनची नको.

आता भावाचं. तो कळव्याला राहतो, रबाळे एमआयडीसीत नोकरी. काही वर्षांपूर्वी लग्न ठरत होतं तेव्हा त्याने ठरवलं की असे ओले हात घेऊन बोहल्यावर उभं राहायचं नाही, आधी हा प्रकार संपवायचा. मुंबईतल्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. पूर्ण भूल देतात, काखेत दोन्ही बाजूंना बारीक छेद घेतात, एकेका बाजूचं फुप्फुस थोडा वेळ हवा काढून बाजूला करतात आणि कॅमेऱ्याने बघत फासळ्यांच्या मुळाशी असलेली ती नर्व्हची साखळी ठराविक ठिकाणी कापतात, जाळतात नाहीतर तिला क्लिप लावतात. पत्रकातली एक गोष्ट खरी आहे, परिणाम त्याच दिवशी दिसतो. भाऊ शुद्धीवर आला तेव्हा हात कोरडे आणि गरम होते. आईने त्याचे हात हातात घेतले आणि सोडेचना. जगभरातल्या सर्जननी लिहून ठेवलंय की तळहातांसाठी हे ऑपरेशन शंभरातल्या पंच्याण्णवपेक्षा जास्त जणांना लागू पडतं, आणि माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, मी डोळ्यांनी पाहिलंय.

मग पहिला उन्हाळा आला. एप्रिलपासून त्याची पाठ, पोट, कंबर, मांड्या असं सगळं वाहायला लागलं. आमच्या सोसायटीत वरच्या मजल्याचा नळ बंद केला की खालच्या मजल्याला पाणी धो धो येतं, तसंच काहीसं. छातीच्या वर उकाड्याने टिपूस नाही आणि खाली शर्ट पिळून घ्यावा. फक्त काळ्या आणि नेव्ही ब्लू पँट घेतो, बॅगेत कायम जास्तीचे शर्ट-बनियन, जांघेत नायटा उठतो तो बरा होतो आणि परत येतो. ठाण्याहून वाशीकडच्या लोकलमध्ये सीट रिकामी असली तरी बसत नाही कारण उठल्यावर सीट ओली दिसते. मिसळ खाल्ली की गालांवरून घाम गळतो, पूर्वी असं नव्हतं, हेसुद्धा त्या ऑपरेशननंतर होऊ शकतं असं नंतर कळलं. बाकी अंगाच्या या वाढलेल्या घामाला कॉम्पेन्सेटरी स्वेटिंग म्हणतात, म्हणजे भरपाईचा घाम. बऱ्याच लोकांना ते होतं, बहुतेकांना सहन होण्याइतकं, पण काहींना भावासारखं आणि काहींना त्याहून वाईट. आणि कुणाला किती होणार हे आधी खात्रीने सांगता येत नाही, झाल्यावर त्यावर पक्का इलाज नाही. क्लिप लावली असेल तर ती काढता येते म्हणतात, पण काढल्यावर सगळं पूर्ववत होईलच याची गॅरंटी कुणी देत नाही, आणि नर्व्ह कापलेली असेल तर तेवढीही सोय नाही.

भावाचं म्हणणं मी जसंच्या तसं लिहिते. "ताई, हात कोरडे आहेत ते सुख मी नाकारत नाही, परत विचारलंस तर कदाचित करीनही. पण हात देऊन पाठ घेतोयस हे मला कुणीतरी समोर बसवून सांगायला हवं होतं." ऑपरेशनच्या आधी त्याला सांगितलं गेलं ते इतकंच की थोडाफार घाम दुसरीकडे येईल, पावडर लावायची. सही घेतलेला फॉर्म इंग्रजीत, बारीक अक्षरात, त्यात कॉम्पेन्सेटरी स्वेटिंग हे दोन शब्द कुठेतरी मधे. डिस्चार्ज कार्डावर टी2 टी3 असं लिहिलेलं होतं, म्हणजे नर्व्हच्या साखळीतली छातीची दुसरी आणि तिसरी जागा, हे आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं. नर्व्ह किती वर आणि किती ठिकाणी कापली यावर पुढचा घाम बराच अवलंबून असतो, वर आणि जास्त ठिकाणी कापली तर त्रास वाढायची शक्यता जास्त. अमेरिकेतल्या छातीच्या सर्जनच्या संघटनेने 2011 मध्ये तज्ज्ञांचं एकत्र मत छापलं त्यात फासळीच्या नंबरानेच जागा लिहा म्हणजे सगळ्यांना एकच कळेल असं सांगितलंय, आणि तळहातांसाठी तिसऱ्या किंवा चौथ्या फासळीची जागा धरलीय. चौथ्यावर केलं तर हात थोडे दमट राहू शकतात पण बाकी अंगाला येणारा भरपाईचा घाम कमी राहण्याची शक्यता असते. म्हणजे पेशंटला निवड आहे! ठणठणीत कोरडा हात हवा की थोडा ओलसर हात आणि बरी पाठ हवी, हे पेशंटला विचारायला पाहिजे ना? भावाला विचारलं नाही. पत्रकातही तसं काही नाही.

त्याच मतात योग्य पेशंट कोण हेही दिलंय, त्रास लहान वयात सुरू झालेला, झोपेत घाम नाही, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) 28 च्या खाली, नाडी फार मंद नाही, दुसरा मोठा आजार नाही. नाडीचं एवढ्यासाठी की ही नर्व्ह हृदयाच्या ठोक्यांशीही जोडलेली असते आणि ऑपरेशननंतर ठोके थोडे मंदावू शकतात. बाकी धोके कमी असतात पण असतात: फुप्फुसाभोवती हवा साठणं, रक्तस्राव, छातीत बरेच दिवस दुखणं, आणि नर्व्हचा वरचा भाग दुखावला तर एका डोळ्याची पापणी खाली पडणं आणि बाहुली लहान होणं, त्याला हॉर्नर सिंड्रोम म्हणतात. हे सगळं वाचून कुणी घाबरून जावं असं मला वाटत नाही, अपेंडिक्सच्या ऑपरेशनलाही धोके असतातच. फरक इतकाच की अपेंडिक्स काढलं नाही तर माणूस जाऊ शकतो, घामाने जात नाही, त्यामुळे इथे थांबून विचार करायला वेळ आहे. ब्रिटनच्या नाइस या, इलाजांबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थेने 2014 साली या ऑपरेशनवर मार्गदर्शन काढलं, त्यात साफ लिहिलंय की नंतर दुसरीकडे घाम येणं हे नेहमीचं आहे, तो फार त्रासदायक असू शकतो, काही पेशंटना ऑपरेशन केल्याचा पस्तावा होतो, आणि हे त्यांना आधी सांगा. ऑपरेशन बंद करा असं त्यांनी म्हटलेलं नाही. तैवानमध्ये हे ऑपरेशन एकेकाळी प्रचंड व्हायचं, तिथल्या आरोग्य खात्याने 2004 मध्ये 20 वर्षांखालच्यांवर ते करायला बंदी घातली. माझा मुलगा सतराचा आहे हे मी वर सांगितलंच.

आणि आपली हवा. ठाण्याच्या खाडीच्या अल्याड पल्याड राहणाऱ्यांना मे आणि ऑक्टोबर म्हणजे काय ते सांगायला नको, हवेतच इतकं पाणी असतं की आलेला घाम वाळत नाही, अंगावरच राहतो. उष्ण दमट हवेत हा भरपाईचा घाम जास्त जाणवतो आणि जास्त छळतो. युरोपातल्या एखाद्या थंड शहरातला पेशंट ‘थोडंफार येतं’ म्हणतो आणि कळव्यातून रबाळ्याला लोकलने जाणारा तेच म्हणतो, या दोन्हींत जमीन अस्मानाचा फरक आहे. इथल्या पेशंटला सांगताना इथला मे महिना धरून सांगायला पाहिजे.

पत्रकात हातापायाच्या घामापासून असं लिहिलंय त्याबद्दलही बोलायला हवं. छातीतून केलेल्या या ऑपरेशनने काहींचे पाय थोडे सुधारतात, काहींचे अजिबात नाही, पायांसाठी म्हणून ते ऑपरेशन नाहीच आहे. पायांची नर्व्ह कंबरेत असते, तिचं ऑपरेशन वेगळं, आणि पुरुषांमध्ये त्यातून वीर्यपतनाचा त्रास होण्याचा धोका असतो. तरुण मुलांनी हे माहीत असल्याशिवाय कशावरही सही करू नये.

बरं मग करायचं काय? इथेच मला सगळ्यात जास्त राग येतो, कारण ऑपरेशनच्या आधी चढायच्या पायऱ्या बऱ्याच आहेत आणि त्यांची जाहिरात कुणीच करत नाही. आमच्याकडे आजी तुरटीच्या पाण्यात हात बुडवायला लावायची, कुणी उकळलेल्या चहाच्या पाण्यात सांगायचं, त्याने तासभर बरं वाटतं, यापेक्षा जास्त अपेक्षा ठेवू नका. डॉक्टर आधी ॲल्युमिनियम क्लोराइडचं लोशन देतात, साधारण 20 टक्क्यांचं. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या हाताला लावायचं आणि सकाळी धुवायचं, कारण झोपेत घाम नसतो तेव्हाच ते ग्रंथीच्या तोंडाशी जाऊन बसतं. ओल्या हाताला लावलं तर चुरचुरतं आणि उपयोग शून्य, निम्मे लोक इथेच सोडून देतात कारण त्यांना कुणी वेळ आणि पद्धत सांगितलेली नसते. काखेला हे छान चालतं, तळहाताला जरा कमी.

तळहात-तळपायांसाठी खरी कामाची गोष्ट म्हणजे आयंटोफोरेसिस. नाव अवघड आहे पण काम सोपं, दोन ट्रेमध्ये साधं नळाचं पाणी, त्यात हात ठेवायचे आणि मशीनमधून अगदी कमी करंट सोडायचा, 15 ते 20 मिलिअँपिअर, वीस ते तीस मिनिटं. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, हात कोरडे व्हायला लागले की आठवड्याला एकदा वगैरे करत राहायचं. 1950 च्या दशकापासून ही पद्धत वापरात आहे, म्हणजे अजिबात नवीन नाही. मुंग्या येतात, कधी कातडी लाल होते, जखमेवर व्हॅसलीन लावायचं, अंगठी-बांगड्या काढायच्या. पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील किंवा करंटच्या वाटेत शरीरात धातूची प्लेट असेल तर करायचं नाही. माझ्या मुलाला ठाण्यातल्या एका स्किन क्लिनिकमध्ये हेच चालू केलंय आणि फरक पडतोय, परवा त्याने पहिल्यांदा मला न सांगता ड्रॉइंगची शीट रुमालाशिवाय पूर्ण केली. पण जाणं-येणं, क्लास, क्लिनिकच्या वेळा, प्रत्येक सिटिंगचे पैसे, सगळं जमवताना दमछाक होते, आणि खंड पडला की घाम परत. म्हणून तो म्हणतो की आई हे जन्मभर करायचं का, त्यापेक्षा एकदाच कापून टाकू. त्याचा वैताग मला कळतो. (एक कळकळीची विनंती, नेटवर बॅटरी चार्जर आणि ॲल्युमिनियमच्या ताटल्या वापरून घरी असं मशीन बनवायचे व्हिडिओ आहेत, ते करू नका. माझ्या इलेक्ट्रिकलवाल्या मुलानेही करायचं म्हटलं होतं, मी सरांना मध्ये घातलं आणि त्यांनी त्याला करंट हातातून छातीकडे कसा जातो ते फळ्यावर काढून दाखवलं.)

पुढची पायरी गोळ्यांची, ग्लायकोपायरोलेट किंवा ऑक्सिब्युटिनिन. नर्व्हकडून ग्रंथीला जो रासायनिक निरोप जातो तो या अडवतात. पण फक्त तळहाताचा नाही, सगळीकडचाच अडवतात, त्यामुळे तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, लघवी अडखळू शकते, नजर अंधुक होते. आणि घामच कमी झाला की उन्हात शरीर गार राहायला मार्ग उरत नाही. 16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात दुपारच्या उन्हात बसलेली माणसं उष्माघाताने गेली ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, तेव्हा असल्या गोळ्या घेणाऱ्याने उन्हाळ्यात मैदानी काम, ट्रेकिंग, क्रिकेट याबद्दल डॉक्टरांना विचारूनच करावं. बोटॉक्सची इंजेक्शनं हाही उपाय आहे, काखेसाठी अमेरिकेत 2004 मध्येच मंजूर झालेला, तळहातालाही देतात पण तिथे ती फार दुखतात, पकड काही दिवस सैल पडू शकते, खर्च मोठा आणि साधारण सहा महिन्यांत परत देणं आलं. आमच्यासारख्या घरांना ते परवडत नाही, पण ज्यांना परवडतं त्यांना तरी माहीत हवं.

या सगळ्यातून गेल्यावर, वय पूर्ण झाल्यावर, आणि दुसरीकडचा घाम मान्य करून कुणी ऑपरेशन करत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. ज्याचा हात त्याने ठरवावं. मुलालाही मी तेच सांगितलंय, अठराचा हो, निदान वर्षभर मशीन नियमाने करून बघ, मामाबरोबर मे महिन्यातला एक दिवस काढ, सकाळच्या लोकलपासून रात्रीपर्यंत, मग ये, मी अडवणार नाही. आज तो अठरापेक्षा लहान आहे म्हणून सही माझी आणि त्याच्या बाबांची लागेल आणि आम्ही ती आज देणार नाही. तो रुसलाय, दोन दिवस धड बोलत नाहीये.

संपादक साहेब, माझं मागणं सांगते. 2008 साली सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की पेशंटची संमती म्हणजे नुसती सही नव्हे, इलाज काय, फायदा काय, दुसरे पर्याय कोणते, मोठे धोके कोणते, हे पुरेसं सांगून घेतलेली संमती हवी. मग घामाच्या ऑपरेशनचा संमतीचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात का नसावा? त्यात पहिल्या ओळीत असावं की ऑपरेशननंतर पाठ, पोट, मांड्यांना घाम वाढतो, तो किती वाढेल सांगता येत नाही, वाढला तर पक्का इलाज नाही. दुसऱ्या ओळीत कोणत्या फासळीवर करणार आणि का. तिसऱ्यात, याआधी लोशन, मशीन, गोळ्या यातलं काय काय करून झालं. आणि हा कागद ऑपरेशनच्या सकाळी कपडे बदलायला लावून पुढे करू नये, आठवडाभर आधी घरी न्यायला द्यावा, घरचे चार लोक वाचतील, ओळखीच्या डॉक्टरला दाखवतील. प्रामाणिक सर्जनला याची अडचण वाटायचं काही कारण नाही, उलट नंतरच्या तक्रारी कमी होतील.

दुसरं, ठाणे आणि नवी मुंबई महापालिकेला. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात स्किन ओपीडीत आयंटोफोरेसिस मिळत असेल तर बाहेर मराठीत बोर्ड लावा, वार आणि वेळ लिहा. नसेल तर आणा. काही अवाढव्य यंत्र नाहीये, एका टेबलावर मावतं, नळाचं पाणी लागतं, आणि एक शिकलेला माणूस ते चालवू शकतो. संध्याकाळी दोन तास ठेवलं तर शाळा-कॉलेजची मुलं आणि कामावरून सुटलेली माणसं येतील. पैसे नाहीत म्हणून ज्याला मशीनच्या सिटिंग जमत नाहीत तोच कर्ज काढून ऑपरेशनला जातो, हे मी आजूबाजूला बघितलंय.

तिसरं परीक्षेचं. 2016 च्या दिव्यांग कायद्यात ज्या 21 प्रकारांची यादी आहे त्यात हे येत नाही, त्यामुळे आमच्या मुलांना सवलतीचा हक्क नाही, आणि आम्ही जास्तीचा वेळ मागतही नाहीये. फक्त डॉक्टरची चिठ्ठी असेल तर हाताखाली टिपकागद किंवा सुती हातमोजा वापरू द्या आणि उत्तरपत्रिका ओली दिसली म्हणून पर्यवेक्षकांनी सगळ्या वर्गासमोर उभं करू नका. बोर्डाने आणि विद्यापीठाने एवढं एक परिपत्रक काढलं तर किती मुलं सुखाने पेपर लिहितील. अंगठ्याच्या मशीनबद्दल पण, आधारला डोळ्यांचं स्कॅन आणि चेहऱ्याचा फोटोही घेतलेला असतो, मग बोट चालत नसेल तिथे दुसरी सोय लगेच द्यायला काय हरकत आहे, माणसाला चारचौघांत पाच वेळा अंगठा पुसायला लावण्यापेक्षा.

आणि तुमच्याकडे एक मागणं. आरोग्य पुरवणीत या विषयावर एकदा पूर्ण पान द्या, त्यात स्किनचे डॉक्टर आणि छातीचे सर्जन दोघांनाही बोलू द्या, आणि ऑपरेशन होऊन निदान दोन-तीन उन्हाळे काढलेल्या पेशंटनाही, खूश असलेल्या आणि नसलेल्याही. माझा भाऊ बोलायला तयार आहे, त्याला विचारूनच हे लिहिलंय. तुमच्या ऑफिसातून फोन आला तर मी नंबर देईन.

नाव छापू नये ही विनंती.

आपली,
एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई